अर्भकाच्या मुख-जिव्हेच्या चेष्टा : प्राकृत कोणत्या, वैकृत कोणत्या?

कौमारभृत्यात प्रश्नपरीक्षा मातेची करावी लागते आणि दर्शन-स्पर्शन बालकाचे. बोलता न येणाऱ्या या रुग्णाची भूक, तृप्ती, निद्रा, भय आणि पुढे कुतूहलही सर्वप्रथम मुखावाटेच प्रकट होते. साहजिकच घरातील माणसांचे लक्षही तेथेच खिळलेले असते. येरळाकाठी वडूज येथे व्यवसाय करताना खटाव-माणच्या परिसरातून येणाऱ्या मातांकडून, आणि मातांपेक्षाही आज्ज्यांकडून, ज्या तक्रारी आम्ही नित्य ऐकतो त्यांतील पुष्कळशा याच स्वरूपाच्या असतात. ‘बाळ सारखी जीभ भाईर काढतंय’, ‘झोपंत काय तरी चघळल्यावानी करतंय’, ‘तोंडातनं बुडबुडं काढतंय’, ‘लाळ लई गळती’, ‘दूध नाकातनं येतंय’. यांपैकी पहिली चार वाक्ये बहुधा निरोगी बालकाविषयीची असतात. पाचवे ऐकल्यावर मात्र बॅटरीच्या उजेडात टाळू पाहिल्याखेरीज, व टाळूवरून स्वच्छ बोट फिरवल्याखेरीज, बालकास परत पाठवू नये. दुभंगलेली टाळू पहिल्या तपासणीत नजरेतून निसटल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

परंतु ‘बहुधा’ या शब्दावर वैद्याचे भागत नाही. त्या पहिल्या चारांतीलही एखादे वाक्य क्वचित गंभीर व्याधीची पहिली वार्ता असते. प्राकृत चेष्टा व वैकृत चेष्टा यांतील भेद चिकित्सालयात कसा करावा, तो करताना आपल्या परंपरेतील काय उपयोगी पडते आणि काय आता बाजूस ठेवावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राकृत चेष्टा

गर्भावस्थेतच बालक अंगठा चोखते व गर्भोदक गिळते. चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तिहींचा मेळ साधारणपणे गर्भाच्या ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. म्हणूनच त्याआधी जन्मलेले बालक स्तन तोंडात धरूनही दमते, दूध ओघळू देते, मध्येच श्वास विसरते. पूर्ण दिवसांच्या बालकाच्या गालास बोट लावले की ते त्या बाजूस मान वळवून तोंड उघडते. जिभेच्या टोकास घट्ट पदार्थ लागला की जीभ तो बाहेर ढकलते. ही ढकलण्याची क्रिया चार ते सहा महिन्यांत मावळते. सुश्रुतांनी लघु व हितकर अन्न सहाव्या महिन्यात सांगितले आहे. काश्यपांनी सहाव्या महिन्यात फलप्राशन व त्यानंतर बऱ्याच उशिरा, दहाव्या महिन्यात, अन्नप्राशन सांगितले आहे. चौथ्या महिन्यात घाईने भरवलेली पेज बालकाने जिभेने बाहेर लोटली तर ‘त्याला चव आवडली नाही’ असा अर्थ घरात काढला जातो. वास्तविक त्याची जीभ अद्याप क्षीराद अवस्थेतच असते.

ओठ चाटणे, जीभ बाहेर काढून आत घेणे, मूठ तोंडाशी नेणे या भुकेच्या आरंभीच्या खुणा होत. रडणे ही उशिराची खूण. ज्या घरात रडण्याची वाट पाहिली जाते तेथे पाजण्याच्या वेळा चुकतात, चिडलेले बालक स्तन नीट धरीत नाही, आणि ‘आईला दूधच पुरत नाही’ असा निष्कर्ष निघून दुधाची बाटली घरात येते. जीभ बाहेर काढण्याच्या तक्रारीवर आम्हास कित्येकदा एवढेच सांगावे लागते की, बाळ पाजा म्हणून सांगत आहे.

नवजाताच्या निद्रेचा जवळजवळ निम्मा भाग चंचल निद्रेचा असतो. त्या वेळी ते हसते, ओठ मुडपते, चोखल्यासारखे करते, भुवया उचलते. सटवाई बाळाला हसवते-रडवते असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्याने कोणाचे नुकसान झालेले आम्ही पाहिलेले नाही, तेव्हा आज्जीचा तो आनंद हिरावून घेण्याचे वैद्यास कारण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून लालास्राव वाढतो. तो गिळण्याची सवय व ओठ मिटण्याचे बळ मागाहून येते. मधल्या काळात लाळेरे भिजत राहते. याचा संबंध दातांशी लावण्याची घाई होते. पण पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास येतो व काहींना वर्षही लागते. मातेचे डोहाळे अपुरे राहिल्याने लाळ गळते हा समजही रूढ आहे, आणि ते कोणी पुरवावयाचे राहिले, सासरने की माहेरने, यावर आमच्यासमक्ष वाद झालेले आहेत. पाच-सहा महिन्यांचे बालक ओठ थरथरवून फुरफुर आवाज काढते. तसे केले की पाऊस येतो म्हणतात. खटाव-माणसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत या भाकिताचे स्वागतच होते. वैद्याच्या दृष्टीने ती वाचेची पूर्वतयारी होय.

मोठ्यांनी जीभ दाखवली की दोन-तीन आठवड्यांचे बालकही जीभ दाखवते, असे मेल्टझॉफ व मूर या संशोधकांनी १९७७ साली मांडले व ते जगभर गाजले. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शंभरावर बालकांची पुनःपुन्हा पाहणी करून ते नाकारले. अन्य चेष्टा पाहूनही बालक तेवढीच जीभ काढते, असे त्यांस आढळले. वादाचा निर्णय काहीही लागो, जीभ बाहेर काढणे ही त्या वयाची नित्याची चेष्टा आहे, हे दोन्ही पक्षांच्या निरीक्षणांवरून स्पष्ट होते. हिरडीवर किंवा टाळूच्या मध्यरेषेवर दिसणारे मोत्यासारखे पांढरे कण व वरच्या ओठावर चोखण्याने आलेला फोड यांस चिकित्सा नाही.

वेदनाध्याय आणि ‘पूर्वीप्रमाणे’

राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील खंडित पोथीवरून १९३८ साली काश्यपसंहिता मुद्रित झाली आणि कौमारभृत्याच्या अभ्यासकांस सूत्रस्थानातील वेदनाध्याय उपलब्ध झाला. न बोलणाऱ्या बालकाच्या वेदना वैद्याने कशा जाणाव्यात, या वृद्धजीवकाच्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. कान दुखत असता बालक हातांनी कानास स्पर्श करते व डोके हलवते, हे त्यातील निरीक्षण आजही रोज पडताळता येते. मुखरोगात काश्यप अतिशय लालास्राव सांगतात, पण त्याच्या जोडीस स्तनद्वेष, ग्लानी व प्यालेले दूध बाहेर टाकणे ही लक्षणे ठेवतात. अधिजिह्विकेत लालास्रावासह अरुची, गालावरील सशूल शोथ व मुख उघडे राहणे ही लक्षणे येतात. एकट्या लाळेवरून काश्यप निदान करीत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. लाळ गळते व बालक आनंदाने पिते, तर ती लाळ; लाळ गळते व बालक स्तनाकडे पाठ फिरवते, तर तो रोग.

माधवनिदानातील ग्रहजुष्ट बालकाची सामान्य लक्षणे याच दृष्टीने पुन्हा वाचावीत. दचकणे, वर टक लावून पाहणे, दात खाणे, भुवया उडवणे, ओठ चावणे, वारंवार फेस टाकणे हा मुखाच्या वैकृत चेष्टांचा समूहच आहे, आणि शेवटी येते ते बालक पूर्वीप्रमाणे आहार घेत नाही हे लक्षण. ग्रहकल्पनेचा अर्थ कोणी काहीही लावो, हे ‘पूर्वीप्रमाणे नाही’ आम्हास त्या संपूर्ण वर्णनातील सर्वांत मोलाचे वाटते. प्रत्येक बालकाच्या मुखाची रीत निराळी असते. तुलना शेजारच्या बालकाशी न करता कालच्या त्याच बालकाशी करावयाची.

याचा पडताळा महाराष्ट्रातच, गडचिरोली जिल्ह्यात मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजातांची तपासणी व चिकित्सा करण्यास शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेतील गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. जंतुदोष ओळखण्यासाठी पुढे त्यांनी जी सात लक्षणे निश्चित केली व त्यांतील कोणतीही दोन एकाच वेळी असल्यास धोका मानला, त्यांतील पहिल्या दोहोंचा घाट पाहावा : आधी नीट रडणाऱ्या बालकाचे रडणे क्षीण होणे वा थांबणे, आणि आधी नीट चोखणाऱ्या बालकाचे चोखणे कमी होणे वा थांबणे. रक्ततपासणी नाही, यंत्र नाही; केवळ ‘आधी’ आणि ‘आता’. आज आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी ज्या घरभेटी देतात, त्यांचे मूळ याच कामात आहे. गावातील आशाताईंच्या नोंदवहीशी वैद्याने मैत्री ठेवावी, असे आमचे मत आहे.

म्हणून मुखाची तक्रार घेऊन आलेल्या बालकास टेबलावर घेण्यापूर्वी आम्ही मातेस एका बाजूस बसवून पाजावयास सांगतो व काही मिनिटे केवळ पाहतो. तोंड पुरेसे उघडते का, हनुवटी स्तनास टेकते का, खालचा ओठ बाहेर वळलेला आहे का, दोन-तीन वेळा चोखल्यावर गिळल्याचा आवाज येतो का, गालास खळगे पडतात का, मातेस वेदना होतात का. जिभेच्या दहा प्रकारच्या हालचालींच्या वर्णनापेक्षा या काही मिनिटांत अधिक कळते. त्यानंतर वजन. पहिल्या दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून यावे व पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. दिवसातून सहा वा अधिक वेळा लघवी व्हावी. हे सर्व ठीक असेल तर बाहेर डोकावणाऱ्या जिभेस तिच्या मर्जीवर सोडावे.

वैकृत चेष्टा

जन्मतःच तोंडातून फेसाळ लाळ सतत येत असेल व पहिल्याच घोटास बालक गुदमरून निळे पडत असेल, तर अन्ननलिका जोडलेली नसण्याची शक्यता असते. अशा बालकाच्या मुखात काहीही, अगदी बोटभर चाटणही, न घालता शस्त्रकर्माची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे.

जिभेचा वर्ण प्रत्येक वेळी पाहावा. नवजाताचे हातपाय थंडीने निळसर दिसू शकतात; जीभ निळी कधीही प्राकृत नसते. तो हृदयाचा किंवा श्वासाचा विकार समजावा.

नवजाताच्या आक्षेपांचे स्वरूप मोठ्या मुलांसारखे नसते. हातपाय न झाडता केवळ चघळल्यासारखे करणे, ओठांचा मचमच आवाज, जीभ एका ठेक्यात आतबाहेर होणे, डोळे एका बाजूस स्थिर होणे, सायकल चालवल्यासारखे पाय हलणे एवढ्यावरच आक्षेप भागतो. प्राकृत चेष्टेशी भेद असा : बालकास स्पर्श केला, हात धरला, स्तनाशी नेले की प्राकृत चेष्टा थांबते किंवा बदलते, आक्षेप त्याच ठेक्यात चालू राहतो. त्या वेळी डोळे फिरत असतील, श्वास थांबत असेल, वर्ण पालटत असेल, तर शंकेस जागा नाही. हल्ली घरोघरी मोबाईल आहे. ‘पुन्हा तसे केले की आधी चित्रण करा’ असे आम्ही सांगतो. आज्जीच्या वर्णनात आणि चित्रणात पुष्कळदा जमीन-अस्मानाचे अंतर निघते, कधी धीर देणारे तर कधी धाव घ्यावयास लावणारे.

पहिल्या दोन दिवसांत चांगले पिणारे बालक तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसांत तोंड उघडेनासे झाले, हनुवटी घट्ट झाली, स्पर्शाने वा आवाजाने ताठू लागले, तर तो नवजाताचा धनुर्वात. मातेच्या लसीकरणाने व रुग्णालयातील प्रसूतींनी तो इतका मागे हटला की २०१५ साली भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे मान्य करण्यात आले. नव्या पिढीतील वैद्यांनी तो पाहिलेलाही नसेल. उच्चाटन म्हणजे समूळ नाश नव्हे. न पाहिलेला व्याधी ओळखता येण्यासाठी ग्रंथ असतात.

जीभ जाड, मोठी व तोंडात न मावणारी दिसते, बालक क्वचितच रडते, रडलेच तर आवाज घोगरा, त्वचा थंड व कोरडी, मलावरोध, बेंबी पुढे आलेली, कावीळ तीन आठवडे उलटूनही रेंगाळलेली. आणि घरचे कौतुकाने सांगतात की, बाळ भारी गुणी आहे, त्रास म्हणून देत नाही. हे गुणी बालक अवटु ग्रंथीच्या मांद्याचे असू शकते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताची टीएसएच चाचणी हे ओळखते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू झाल्यास बुद्धी बहुतांशी राखता येते; महिने उलटल्यावर झालेली हानी भरून येत नाही. येथे काढे-चूर्णांचे प्रयोग करीत दिवस घालवणे म्हणजे बालकाची बुद्धी घालवणे होय, इतक्या स्पष्ट शब्दांत हे लिहिणे आम्हास अवश्य वाटते. आपल्या भागातील पुष्कळ कुटुंबे गलाई व्यवसायानिमित्त परप्रांतांत असतात. मुली प्रसूतीस माहेरी येतात व दोन-तीन महिन्यांत परत जातात. चाचणी झाली की नाही, हे त्यांच्या कागदावर लेखी नोंदवून द्यावे.

शांत पडलेल्या, न रडणाऱ्या बालकाच्या जिभेच्या पृष्ठावर अळ्या वळवळल्यासारखे सूक्ष्म स्फुरण दिसते, हातपाय लुळे आहेत पण डोळे मात्र चलाख, असे असल्यास मेरुरज्जूतील चेष्टावह पेशींच्या आनुवंशिक क्षयाची शंका घ्यावी. रडताना प्रत्येकच जीभ थरथरते, तेव्हा ही तपासणी रडताना करू नये.

याहून निराळा आणि आपल्या भागात विशेष ध्यानात ठेवण्याजोगा कंप सहा ते अठरा महिन्यांच्या बालकांत दिसतो. काही वर्षांपूर्वी एका माळकरी कुटुंबातील अकरा महिन्यांचे बालक ‘दात येताहेत म्हणून जीभ थरथरते’ या समजुतीने आणले गेले. दिसण्यात गुबगुबीत, पण निस्तेज. केस विरळ व तांबूस. बोटांच्या पेरांवर काळसर डाग. बसावयास शिकलेले ते आता बसेना, आईकडे पाहून हसेना. जीभ, हनुवटी व हात कापत होते. झोप लागताच कंप थांबे. केवळ स्तनपान चालू होते, वरचे अन्न जवळजवळ नव्हते. आईच्या आहाराविषयी विचारले. मांसाहार अर्थातच नाही. आणि घरी म्हैस असून दूध सारे डेअरीला, घरात कोरा चहा. हे कंपयुक्त बालकांचे लक्षणसंकुल भारतीय बालरोगतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून वर्णिले आहे व त्याचा निकट संबंध ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाशी आहे. बालरोगतज्ज्ञांनी इंजेक्शने दिल्यावर कंप काही आठवड्यांत ओसरला. बोलणे-चालणे मात्र समवयस्कांच्या मागेच राहिले. ब-१२ वनस्पतिज अन्नात मिळत नाही. शाकाहारी मातेस ते दूध, दही, ताक यांतून मिळते, आणि तेवढ्याने न भागल्यास औषधरूपाने द्यावे लागते. माळकरी कुटुंबाच्या व्रतास धक्का न लावता हे सांगता येते. सूतिकेस पहिल्याच भेटीत ‘दूध घरात किती राहते?’ असा प्रश्न आम्ही तेव्हापासून विचारीत आलो आहोत.

टाळू पडणे

वाग्भटांनी उत्तरस्थानात तालुकंटकाचे वर्णन केले आहे. टाळूच्या मांसातील प्रकुपित कफामुळे डोक्यावर टाळूच्या जागी खळगा, स्तनद्वेष, पिण्यास कष्ट, पातळ मलप्रवृत्ती, तृष्णा, मान न धरणे, वांती. हे वाचल्यावर अतिसाराने शुष्क झालेले बालक डोळ्यांसमोर उभे राहते. लोकही ‘टाळू पडली’ असेच म्हणतात. येथवर लोक व ग्रंथ दोघेही बरोबर आहेत. चूक होते ती उपायात. पडलेली टाळू बोटाने आतून वर उचलणाऱ्या जाणत्या बाया अद्याप आहेत. घशात बोट घातल्याने जखम होते, वांती वाढते, प्रसंगी दूध श्वासमार्गात जाते, आणि ज्या शरीरातून द्रव गेला आहे त्यात थेंबही भरला जात नाही. जीभ कोरडी, डोळे खोल, टाळूस खळगा, लघवी कमी, त्वचेची चिमटीने धरलेली घडी हळू पूर्ववत होते, असे दिसताच स्तनपान चालू ठेवून ओआरएस वाटी-चमच्याने द्यावे. बालक पीत नसेल वा झोपाळले असेल तर शिरेवाटे द्रव देण्यासाठी तत्काळ पाठवावे. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर असलेल्या वस्त्यांत हा प्रसंग वारंवार येतो.

मुखात काय घालू नये

हा भाग काही व्यवसायबंधूंना रुचणार नाही, याची जाणीव ठेवून लिहीत आहोत.

जिभेवर पांढरा थर दिसला व ओल्या स्वच्छ कापडाने तो पुसला गेला, तर ते दूध. पुसला जात नसेल, खरवडल्यास खाली लाल व्रण दिसत असेल, गालाच्या आतही डाग असतील, तर तो कँडिडा बुरशीने आलेला मुखपाक. यावर टाकणखाराची लाही मधात खलून लावण्याचा प्रघात घरोघरी आहे व वैद्यवर्गातही आहे. लाही करून टाकणखार शुद्ध होतो, त्याचे बोरॉन जात नाही. १९८३ साली ब्रिटनमधील बालरोगविषयक नियतकालिकात सात अर्भकांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मध व टाकणखाराच्या बाजारी मिश्रणात बुडवलेली चोखणी त्यांना दिली जात असे. सातही बालकांना आक्षेप येत होते, आणि ते मिश्रण बंद केल्यावर ती बरी राहिली. अर्थात जिभेवरील पांढऱ्या थरासाठी दिलेले औषध जिभेच्या वैकृत चेष्टेस कारण होऊ शकते. मात्रा अल्प आहे, हा युक्तिवाद अर्भकास लागू पडत नाही. चाटण दिवसातून किती वेळा आणि किती दिवस लागले, याची मोजदाद कोणत्याही घरात होत नाही. बुरशीसाठी निस्टॅटिनचे थेंब आहेत. त्यासोबत मातेच्या स्तनाग्राची चिकित्सा व चोखणी-बाटली बंद करणे हे अनिवार्य होय.

दुसरा पदार्थ मध. जातकर्मात मधु-घृताचे चाटण ग्रंथोक्त आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मधात असलेल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमच्या बीजाणूंपासून अर्भकास होणारा घात १९७६ साली ओळखला गेला. एक वर्षाखालील बालकाच्या अपक्व आतड्यात हे बीजाणू रुजतात, त्यांचे विष मज्जातंतूंची क्रिया थांबवते. आरंभ मलावरोधाने, मग चोखणे क्षीण, रडणे क्षीण, पापण्या जड, लाळ गिळता न आल्याने ओघळते, मान टाकली जाते. पुन्हा सारे मुखाच्याच ठिकाणी. साध्या तापविण्याने बीजाणू मरत नाहीत, तेव्हा ‘घरच्या पोळ्याचा शुद्ध मध’ हे उत्तर अपुरे आहे. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाचे उपक्रम आज अनेक ठिकाणी होतात. एक वर्षाखालील बालकास त्यांत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुणदोषविवेक हाच ज्या शास्त्राचा आधार, त्यास हे अमान्य होण्याचे कारण नाही.

आधार हवाच असेल तर तो सुश्रुतांच्या शारीरस्थानात आहे. क्षीराद बालकाच्या व्याधीत औषध धात्रीस द्यावे, क्षीरान्नादाच्या बाबतीत दोघांस, अन्नादाच्या बाबतीत बालकास. सहा महिन्यांपर्यंत बालकाचे मुख केवळ स्तन्यासाठी राखून ठेवण्यास याहून चांगले शास्त्रवचन कोणते? गुटीतील जायफळाचे वळसे वाढले की बालक झोपाळते व पीत नाही. वाचा स्पष्ट व्हावी म्हणून जिभेवर घासलेल्या वेखंडाने वांती होते. ‘गुटी बंद करा’ म्हटल्यास आज्जी दुखावतात. आम्ही त्यांना अभ्यंग, शेक व धुरी-नजरेची देखरेख यांतील अभ्यंग तेवढे सोपवतो. त्या समाधानी असतात आणि बालकही.

जिभेखालचा पडदा आखूड असला तर बालक बोबडे होईल, या भयाने तो नखाने वा ब्लेडने तोडण्याचे प्रकार ऐकिवात आहेत. पडदा दिसणे हा दोष नव्हे. त्यामुळे स्तन धरता न येणे, मातेस सतत वेदना, वजन न वाढणे हा दोष. तसे असल्यास तज्ज्ञांकडून छेद घ्यावा. एरवी हात लावू नये. उशिरा बोलणाऱ्या बालकाची आधी श्रवणपरीक्षा करावी. जन्मतः आलेला दात अशुभ मानून उपटू नये. तो सैल असल्यास किंवा जिभेखाली व्रण करीत असल्यास दंतवैद्याकडे सोपवावा.

पाठविताना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत २०१३ पासून आपल्याच शाखेचे वैद्य काम करतात. दुभंगलेली टाळू, डाऊन लक्षणसंकुल, विकासातील विलंब यांसाठी त्यांच्यामार्फत पुढील सोय होते. तातडीच्या प्रसंगी १०८ वा १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पुसेगाव-कोरेगावमार्गे साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाईतो बालक थंड पडू नये म्हणून त्यास मातेच्या छातीशी त्वचेस त्वचा लावून, वरून पांघरूण घालून न्यावे. शुद्धीवर असेल व गिळत असेल तर वाटेत पाजावे. आक्षेप येत असतील वा शुद्ध नसेल तर मुखात थेंबही घालू नये. सोबतच्या चिठ्ठीत जन्माचे व आजचे वजन, बालक आधी कसे पीत होते व बदल कोणत्या दिवशी जाणवला, गेल्या चोवीस तासांत लघवी किती वेळा झाली, मातेचे धनुर्वाताचे लसीकरण, आणि आजवर मुखात काय काय घातले गेले ते लिहावे : गुटी, मध, टाकणखार, जायफळ, कोणाचा अंगारा. हा शेवटचा प्रश्न आज्जी बाहेर गेल्यावर मातेस पुन्हा एकदा विचारावा. उत्तर पुष्कळदा बदलते.